हाक कुणी गिळली?

१

उशाशी लाल दिवा जळत होता आणि दाजी गेलेले होते.

बटण त्यांच्या मुठीत होतं. मूठ इतकी आवळलेली, की सिस्टरला एकेक बोट सोडवावं लागलं. शुश्रूषागृहातला तो दिवा काही आपण होऊन लागत नाही. बटण दाबायचं, हाक खालच्या पेटीपर्यंत जायची, पेटीने "पोचली" म्हणून उलट कळवायचं, तेव्हा कुठे तो पेटतो. आणि कुणी येऊन विझवेपर्यंत विझत नाही. म्हणजे जाता जाता माणसाने हाक मारली होती आणि ती पोचलीही होती. पण सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर वरच्या खोलीचं नाव नव्हतं. यंत्राच्या नोंदीतही नव्हतं. त्या वेळची नोंद एकच होती, खालच्या अंगणातल्या बटणाची: अंगण.

हे सगळं मामांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, तेही मॅनेजरबाईंच्या तोंडून. मामा म्हणजे गेलेल्या माणसाचे मेहुणे. लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका हुडकण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. भाच्याने त्यांना म्हणूनच बोलावून घेतलं होतं. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता.

"मामा, तुम्ही यातले. त्या बाईने हाक पुसली, एवढं लिहून द्या. पुढचं मी बघतो."

"पुसता येते का?"

"येते ना," मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्याला नेहमी साखर लावलेली असे. "चुकून बटण दाबलं गेलं तर पुसायची सोय ठेवलीय. संकेतशब्द ड्यूटीवरच्या सिस्टरलाच माहीत असतो. मी आपलं जे आहे ते सांगते. माझं कुणाशी वाकडं नाही."

"आणि त्या वेळी ड्यूटीवर?"

"एकटी तीच."

मामांनी चष्मा काढून पुसला. पोचलेली हाक नाहीशी झालेली, आणि पुसायची किल्ली एकाच हातात. एवढं सरळ गणित त्यांना आयुष्यात कधी बरोबर आलेलं आठवत नव्हतं.

"तक्रार कधी देतोयस?" त्यांनी भाच्याला विचारलं.

"लिहून तयार आहे. तुमचा कागद जोडला की देतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांब."

"कशाला?"

"तुझे बाबा गेले ते काही परत येत नाहीत. तक्रार मात्र एकदा गेली की तीही परत येत नाही. थांब."

२

सिस्टर चादरींच्या खोलीत घड्या घालत होती. कामावरून तिला थांबवलं होतं, तरी हात थांबत नव्हते. मध्यम वयाची, रुंद मनगटांची बाई. मामांना पाहून तिने एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा मामा. आजोबा तुमच्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, आमच्या मेहुण्याला जेवणात खडा नाही सापडला तर तो घास परत चावतो."

मामांना हसू आलं. ते स्टुलावर बसले. "काल काय झालं ते सांगा. पहिल्यापासून."

तिने सांगितलं. दुपारची जेवणं आटपली होती. आजी रोजच्यासारख्या चाकाच्या खुर्चीत अंगणात बसल्या होत्या, आजोबांच्या खिडकीखाली. दोघांना वेगळे मजले मिळाले होते. आजींची खुर्ची जिन्यावरून जायची नाही आणि आजोबांचा पलंग खाली बसायचा नाही. म्हणून दुपारभर ते खिडकीतून खाली बघायचे, त्या खालून वर.

"बोलणं नाही, काही नाही," सिस्टर म्हणाली. "पण एकाला जांभई आली की दुसऱ्याला यायचीच."

हे मामांना नवीन नव्हतं. त्या जोडप्याची घरात थट्टाच व्हायची. दाराची कडी वाजली की दोघं एकदम उठायचे आणि दारात एकमेकांवर आपटायचे. फोन आला की दोघांचे हात एकदम पडायचे. देवाने दोघांना एकच किल्ली भरून सोडलंय, असं मामांची आई म्हणायची.

"मग?"

"मग स्क्रीनवर बेल वाजली. अंगण. मी धावत गेले. आजी डाव्या हाताने वर दाखवत होत्या. त्यांना बोलता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. मी म्हटलं, हो आजी, ऊन लागतंय ना, फिरवते हं. आणि खुर्ची फिरवली." तिने घडी मोडून पुन्हा घातली. "खिडकीकडे पाठ झाली त्यांची. त्या खुर्चीच्या हातावर मूठ आपटायला लागल्या. मी पाणी दिलं. त्यांनी पेला उडवला. मग त्यांना आत घेतलं, पडदा ओढला, अंथरुणावर घातलं. आणि वर फेरीला गेले."

"स्क्रीनवर दुसरी हाक नव्हती?"

"नव्हती. मी काही पुसलेलं नाही मामा. पण माझं कोण ऐकणार? माझ्या नावापुढे एकदा 'हाक पुसली' असं लागलं ना, की आजारी माणसाजवळ मला कुणी उभं करायचं नाही. आणि मला दुसरं काही येत नाही."

"तुमच्या बोलण्याला साक्ष कुणाची?"

तिने चादर बाजूला ठेवली. "आजींची," ती म्हणाली.

त्या इमारतीत सगळं पाहिलेला एकच जीव होता, आणि त्याची वाचा पक्षाघाताने नेली होती.

३

वायरमन दाजींच्या पलंगाच्या उशाशी खुर्चीवर चढून बटणाचं झाकण उघडून बसला होता. तोंडात स्क्रू, त्यामुळे बोलणं अर्धं.

"तार चोख आहे. माणूस खोटं बोलेल, तार नाही बोलायची. दाबा तुम्ही."

मामांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. खालून बेल ऐकू आली, मग कुणीतरी ओरडलं, "वाजली, वाजली." पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. दहा मिनिटं हाच खेळ चालला. एकदाही हाक चुकली नाही.

"झालं समाधान?" वायरमन खाली उतरला. "मी बसवलेली बेल म्हणजे सासूबाईंसारखी. एकदा बोलायला लागली की गप्प बसत नाही."

"ते तुझ्या घरी," शेजारच्या खोलीतून आवाज आला. दारात एक काटकुळे आजोबा काठी टेकून उभे होते. आयुष्यभर वकिली केलेली, म्हणून सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. "माझी साक्ष नोंदवून घ्या. ही बेल लहरी आहे. एरवी वाजते. पण जेवणाला उशीर झाला की ऐकत नाही. तेव्हा दाबायची, वाट बघायची, पुन्हा दाबायची."

"तेव्हाच का?"

"ते तुम्ही शोधा. मी साक्षीदार, तपास अधिकारी नव्हे."

"तक्रार नाही केलीत कधी?"

"कसली तक्रार? दुसऱ्यांदा दाबलं की येतात. म्हातारपणी सगळंच दुसऱ्यांदा करावं लागतं हो. चष्मा शोधणं काय, गोळी घेणं काय, नातवाचं नाव विचारणं काय." दाजींच्या रिकाम्या पलंगाकडे त्यांची नजर गेली. "याला मात्र दुसऱ्यांदा जमलं नसेल."

वायरमनने पेचकस खिशात टाकला. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मामा, तार पेटीपर्यंत जाते. पेटीच्या आत माझा हात नाही. आत जे आहे ते त्या बिनचूकचं."

४

बिनचूक हे नाव प्रोग्रामरला त्याच्या मित्रांनी दिलं होतं, आणि ते त्याला आवडायचं. एका दुकानावरच्या खोलीत त्याचं कार्यालय होतं. टेबलावर एकावर एक चहाचे रिकामे पेले.

"सर, कुठलीही ओळ काढून बघा," तो म्हणाला आणि स्क्रीन मामांकडे वळवली.

मामांनी बघितलं. हाका ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने रांगेत लागायच्या. प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने रांगेपाशी यायचा आणि रांगेत काही असेल तर 'पुढची हाक' नावाच्या कामाकरवी पहिली हाक उचलायचा. प्रत्येक हाकेचा एक आकडा होता. तो एका किमान आकड्याशी ताडून पाहायचा, कारण तारेतल्या नुसत्या खरखरीनेही कधी कधी खोटी हाक उठते आणि तिचा आकडा लहान असतो. दोघांत मोठा असेल तो घ्यायचा. हाक मोठी निघाली तर बेल वाजवायची आणि नोंद करायची. किमान मोठं निघालं तर गप्प बसायचं. शहाण्या माणसाची मांडणी होती.

"हे 'मोठा' कुठून आलं?"

"मॅक्रो आहे. आमची ठेवणीतली फाईल आहे सर, रोजच्या कामाच्या मॅक्रोंची. मी प्रत्येक प्रोजेक्टला पहिली तीच जोडतो."

त्याने फाईल उघडली, आणि घटकाभर मामा आपण कशाला आलोय ते विसरले. एका शब्दात अख्खं काम करून देणाऱ्या किती कामाच्या वस्तू होत्या त्यात. दोन संख्यांत मोठी कोणती, लहान कोणती. यादीत किती गोष्टी आहेत ते मोजणारा मॅक्रो. दोन डब्यांतला माल अदलाबदल करणारा. चूक कुठल्या फाईलच्या कुठल्या ओळीत झाली ते बोलून दाखवणारा, ज्याने मामांच्या कित्येक रात्री वाचवल्या असत्या. चार ओळींच्या कामाला असं वेटोळं घालणारा, की ते एकाच ओळीसारखं सोज्वळ वागावं. सुगरणीच्या फडताळात हात घालावा आणि हवं ते हाताला लागावं, तसं. 'मोठा' त्यांनी बारकाईने तपासला. नवशिके तिथे कंस विसरतात आणि गणिताची उलथापालथ होते. इथे प्रत्येक कंस जागच्या जागी होता.

"कुणी लिहिली?"

"ठाऊक नाही. मला एका मित्राने दिली, त्याला त्याच्या वरिष्ठांनी. वर्षानुवर्षं चालतेय. कुणाची तक्रार नाही."

मामा पुन्हा 'पुढची हाक' या कामाकडे वळले. तेही चोख होतं. रांगेतली पहिली हाक काढायची, हातात ठेवायची. शेवटी एक जादा ओळ होती: रांग रिकामी असेल तर आत्ताच दिलेली हाक पुन्हा एकदा दे.

"ही कशाला?"

बिनचूकने डोकं खाजवलं. "पहिल्या चाचणीच्या वेळी काहीतरी अडत होतं. ही घातली आणि सुटलं. नेमकं काय होतं ते आता आठवत नाही."

मामांनी कामाला मान डोलावली, मॅक्रोलाही डोलावली. मग ते जिना उतरायला लागले. तार चोख, पेटी चोख, प्रोग्राम चोख. उरली ती एकटी बाई आणि तिचा संकेतशब्द. आणि मन आतून सांगत होतं, ती नव्हे. पण मन काही तक्रारीला जोडता येत नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बहिणीजवळ, अक्काजवळ, जाऊन बसले. अंगणात जायला ती तयार नव्हती. खिडकीचा पडदा लावलेला, खोलीत औषधाचा वास. नव्या सिस्टरने भरवलेला घास तिने गालात तसाच धरून ठेवला होता.

"अक्का," मामा म्हणाले, "मला काही सुचत नाही गं. उद्या त्या बाईचं वाटोळं होईल. तिने हाक पुसलीय असं सगळे म्हणतात. पुसली का गं तिने?"

अक्काने जोरात मान हलवली. नाही.

"मग हाक गेली कुठे?"

अक्काने डावा हात वर केला. छातीवर ठेवला, मग खिडकीकडे नेला. मामांना कळलं. दाजींनी छातीला हात लावला, हे तिने खालून पाहिलं होतं.

"तू पाहिलंस. मग?"

तिने अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. मग पुन्हा अंगठा.

"तू बेल दाबलीस. अंगणातली. सिस्टरला वर पाठवायला."

अक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सिस्टर आली ती वर गेली नाही, हिच्याकडे आली. परवा दुपारपासून बिचारी हेच छातीशी धरून बसली होती. मामांनी तिचा हात हातात घेतला, आणि उगाच काही विचारायचं म्हणून विचारावं तसं विचारलं:

"आणि दाजींनी कधी दाबली? तुझ्या आधी, नंतर?"

अक्काने दोन बोटं एकमेकांना चिकटवून धरली.

मामा उठून उभे राहिले. दारात एकमेकांवर आपटणारी जोडी. जेवणाला उशीर झाला की सगळ्या खोल्यांतून एकदम दाबल्या जाणाऱ्या बेला. आणि एकट्या माणसाने कितीही वेळा दाबली तरी न चुकणारी बेल. कालपासून ते एकेकटेच दाबत बसले होते.

त्यांनी वायरमनला अंगणातल्या बटणाशी उभं केलं, कामावरून थांबवलेल्या सिस्टरला टेबलाशी बसवलं, आणि स्वतः जिना चढून दाजींच्या पलंगाशी गेले. खिडकीतून हात खाली केला आणि त्याच दमात बटण दाबलं. वायरमनने त्यांच्या पाठोपाठ दाबलं.

उशाशी लाल दिवा लागला. खाली एकच बेल वाजली.

"कुठली?" मामा ओरडले.

खालून सिस्टरचा आवाज आला, फुटका.

"अंगण."

६

संध्याकाळी मॅनेजरबाईंच्या खोलीत सगळे जमले. भाचा खिडकीशी उभा होता, बिनचूक खुर्चीच्या कडेवर, सिस्टर दाराला टेकून.

"हाक कुणी पुसली नाही," मामा म्हणाले. "गिळली गेली. कशी ते दृष्टांताने सांगतो. एका घरधन्याने गड्याला सांगितलं, विहिरीतून काढलेली घागर या लोट्यापेक्षा मोठी भरली, तर विहिरीतून काढलेली घागर आण. नाहीतर लोटा आण. गडी शब्दाचा पक्का, अकलेचा कच्चा. त्याने घागर काढली, लोट्याशी ताडली, मोठी भरली. आता हुकूम काय? विहिरीतून काढलेली घागर आण. मग त्याने हातातली ओतून दिली, पुन्हा दोर सोडला, दुसरी काढली, आणि ती घेऊन आला."

"असा कुठला गडी असतो?" भाचा म्हणाला.

"मॅक्रो असाच असतो. मॅक्रो म्हणजे लांबलचक वाक्याला ठेवलेलं टोपणनाव. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत जाण्याआधी प्रीप्रोसेसर येतो आणि टोपणनाव खोडून त्या जागी पूर्ण वाक्य उतरवतो. अर्थ बघत नाही. 'मोठा' या मॅक्रोत दिलेली गोष्ट दोनदा येते, एकदा ताडायला, एकदा द्यायला. तिथे नुसती संख्या असेल तर काही बिघडत नाही. याने तिथे 'पुढची हाक उचल' हे कामच दिलं. म्हणून ते काम दोनदा झालं. पहिली हाक ताडली आणि टाकली. दिली ती तिच्यामागची."

बिनचूकचा चेहरा उतरत चालला होता. "पण एकटी बेल वाजते, सर."

"रांगेत मागे कुणी नसताना पहिल्या चाचणीत काय झालं होतं? आठव."

तो खाली बघत राहिला. "एकटी बेल वाजतच नव्हती. हरवायची. म्हणून मी ती ओळ घातली. रांग रिकामी असेल तर तीच पुन्हा दे."

"का हरवते ते पाहिलं नाहीस?"

"वाजायला लागली ना. मग मी घरी गेलो."

मॅक्रोत खोट नव्हती. उचलणाऱ्या कामातही नव्हती. दोन सज्जनांची गाठ घालून दिली आणि त्या गाठीत एक माणूस गेला.

"दुरुस्त करतो," बिनचूक पुटपुटला. "आधी हाक एका जागी उतरवून घ्यायची, मग ताडायची. एका ओळीचं काम आहे. पण सर, ती फाईल... मी किती जणांना दिली असेल. त्यांनी पुढे किती जणांना. त्यांच्या यंत्रांत कुणी कुठे काय घातलं असेल, कसं कळणार?"



भाचा मात्र वेगळ्याच विचारात होता. सावकाश, शब्द जुळवत तो बोलला. "म्हणजे मागून दुसरी हाक आली नसती, तर बाबांची वाजली असती."

"हो."

"आणि दुसरी हाक अंगणातली."

"हो."

त्याने भिंतीला हात टेकला. मग तो घाईघाईने बोलायला लागला.

"मामा, हे लिहू नका. आईला कळलं तर ती... नका लिहू. मी तक्रार मागे घेतो. सिस्टरने राजीनामा द्यावा, बस. कारण कुणी विचारणार नाही."

"आम्ही शिफारस देऊ ना," मॅनेजरबाई लगेच म्हणाल्या. "हवं तर मी स्वतः दोन ठिकाणी बोलते. सगळ्यांचंच झाकलेलं राहील."

"कारण सगळे विचारतील," मामा म्हणाले. "माणूस मुठीत बटण धरून गेला, हे आत्ताच वकीलसाहेबांनी अर्ध्या इमारतीला सांगितलंय. हिचं नाव तसंच राहील."

"मग राहू दे. आईपेक्षा..." भाच्याने वाक्य पुरं केलं नाही. सिस्टरकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

सिस्टर दारात सरळ उभी राहिली. मामांना वाटलं, ही आता बोलेल, भांडेल. भांडायलाच हवं होतं. ती म्हणाली, "नव्या मुलीच्या हातून आजी खात नाहीत. कालपासून पोटात काही नाही. सुपाची वेळ झालीय, मी जाऊ का?"

आणि उत्तराची वाट न बघता ती गेली.

७

मामा तिच्या आधी अक्काच्या खोलीत पोचले. वाटेत त्यांनी मनात एक खोटं रचून पाहिलं होतं. दुसरी हाक वकिलांची होती म्हणावं, यंत्र बंद होतं म्हणावं. पण सिस्टर अंगणात का आली होती ते अक्कालाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. खोटं ठेवायला जागाच नव्हती. देवाने माणसाला बुद्धी दिली ती अशा वेळी कुठे नेऊन ठेवतो कोण जाणे.

ते खुर्चीसमोर खाली बसले, लहानपणी बसायचे तसे, आणि सगळं सांगितलं. रांग, घागर, लोटा. मध्ये एकदा आवाज फुटला तेव्हा अक्कानेच डावा हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. शेवटी ते म्हणाले, "तिने काही पुसलेलं नाही. तसं मी लिहून देणार आहे. लिहिताना अंगणातली बेलही लिहावी लागेल. तुझ्या लेकाला ते नकोय. मी तुला विचारायला आलोय असं नाही गं. मी लिहिणारच आहे. पण तुला ते दुसऱ्याकडून कळू नये."

अक्का कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग तिने बोट स्वतःकडे केलं. अंगठा दाबल्यासारखा केला. आणि हात हलवला: नसतं केलं तर?

मामांनी खाली बघितलं. फरशीवर औषधाचा एक वाळलेला थेंब होता.

"तर त्यांची हाक वाजली असती," ते म्हणाले. "सिस्टर वर गेली असती. हो."

तिने हात तसाच ठेवला. प्रश्न संपला नव्हता.

"वाचले असते का, ते नाही सांगता येत अक्का. डॉक्टरलाही नाही येत. कुणालाच नाही येत."

तिचा हात हळूहळू मांडीवर आला. ती रडली नाही. पडद्याकडे तोंड करून बसली. दारात भाचा येऊन उभा राहिला होता. त्याने सगळं ऐकलं असावं. "आई," एवढंच म्हणून तो तिच्या पायांशी बसला. मामांनी खिशातून पेन काढलं, तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून लिहून काढलं, सही केली, आणि भाच्याच्या हातात दिलं. भाच्याने ते वाचलं. फाडलं नाही. घडी करून खिशात ठेवलं.

"उद्या ड्यूटीवर या," सिस्टर वाटी घेऊन आत आली तेव्हा तो म्हणाला. तिच्याकडे बघून म्हणाला.

"येते," सिस्टर म्हणाली.

तिने स्टूल ओढलं, चमचा भरला, फुंकर घातली आणि अक्काच्या ओठांशी नेला. अक्काने तोंड उघडलं नाही. सिस्टरने घाई केली नाही, आग्रहही केला नाही. हात तसाच धरून बसली. बाहेर कुठल्यातरी खोलीची बेल वाजली, कुणीतरी धावत गेलं. भाच्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सूप गार झालं. सिस्टर उठली, वाटी नेऊन गरम करून आणली, आणि पुन्हा चमचा भरून बसली.